चारशे पावलांची कसौली

माझ्या डाव्या टाचेला विचारल्याशिवाय आमच्या घरात सुट्टी ठरत नाही.

टाचेखालच्या पडद्याला सूज आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं होतं, मग जरा बरं वाटतं, आणि जास्त चाललो की पुन्हा खिळा. चंदीगडच्या सेक्टर ३२ मधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "थोड़ा चलिए, फिर बैठ जाइए." मी हवाई दलात, तेही सामानसुमान वेळेवर पोचवणाऱ्या शाखेत. 'थोडं' हे आमच्याकडे माप नाही. मी विचारलं, "थोड़ा मतलब कितना?" बाहेर पेशंटांची रांग लागली होती. "चार सौ कदम," बाई म्हणाल्या. (हा आकडा त्यांनी मला खोलीबाहेर काढण्यासाठी सांगितला असावा. मी तो आदेश म्हणून लिहून घेतला.)

तेव्हापासून आमच्या सहली चारशे पावलांच्या. जयपूरचा किल्ला मी पार्किंगमधून पाहिला. केरळात हाउसबोट छान होती म्हणतात. मी धक्क्यावरच संपलो. गेल्या वर्षी तर बॅगा गाडीत ठेवल्यावर सहल रद्द झाली.

या वर्षी आमच्या रेवाची बारावी झाली. जुलैत ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. माझी बायको वैशाली मूळची कोल्हापूरची. ती एकदाच काय ते बोलते.

"या वेळी तिघांनी जायचं. पोरगी जायच्या आधी. आणि टाचेचं नाव काढायचं नाही."

मलाही मनापासून जायचं होतं. मूल एकदा हॉस्टेलला गेलं की घरी पाहुण्यासारखं येतं, हे मी मित्रांच्या घरी पाहिलंय. कसौली ठरली. चंदीगडहून दोन-अडीच तासांवर, थंड हवा, आणि रस्त्याकडेला बसायला बाक.

पण किती पावलांवर बाक? इथे माझ्यातला फौजी जागा झाला. आमच्यात कुठेही जायचं तर आधी एक माणूस जाऊन जागा बघून येतो. त्याला रेकी म्हणतात. तो नकाशा काढतो, मग बाकीचे निघतात. रेकीला गेलेल्या माणसाची टाच धड असावी, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

आधीच्या शनिवारी मी सकाळीच टॅक्सी केली. वैशालीला सांगितलं, "डेराबस्सीला ऑफिसचं काम आहे. औषधांच्या कारखान्यात."

कसौलीत मी हॉटेलपासून मोजायला सुरुवात केली. पहिला बाक तीनशे ऐंशी. तिथून दुसऱ्याकडे जाताना एका जोडप्याने फोटो काढायला थांबवलं आणि आकडा विसरलो. मागे जाऊन पुन्हा मोजलं. तिसरा बाक चारशे चाळीसवर निघाला, म्हणून दुसरा रस्ता मोजला. त्याला चढ होता, म्हणून तिसरा. मोजण्याच्या नादात, मी स्वतःही चालतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या बाकाशेजारच्या चहावाल्याने विचारलं, "कुछ गिर गया क्या, सर जी?"

"नहीं जी, गिन रहा हूँ."

त्याने मला चहा दिला. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार झाला. नंबर घातलेले बाक, सावली, चहा, सगळं. इतका सुबक नकाशा मी नोकरीतही काढलेला नाही.

रविवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि परत वर घेतला.

"काय माणसं आहेत तुमच्या ऑफिसातली," वैशाली बर्फाची बाटली माझ्या टाचेखाली फिरवत म्हणाली. "एवढ्या उन्हात कारखानाभर फिरवलं?"

"कामच होतं तसं," मी क्षीण आवाजात म्हणालो.

तिने मला थालीपीठ करून दिलं. मग शेजारी सांगितलं. शेजारणीने मिसेस ग्रेवालना सांगितलं, आणि मिसेस ग्रेवाल म्हणजे माझ्या साहेबांच्या पत्नी. दुपारी त्यांच्याकडून लस्सी आली आणि पाठोपाठ साहेबांचा फोन.

"यार, तुझे डेराबस्सी भेजा किसने? मैंने तो नहीं भेजा."

वैशाली समोर होती. "सर, मिल के बताता हूँ," म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी पाहिलं तर रेवा आपली बॅग उघडून स्वेटर परत कपाटात ठेवत होती. तक्रार नाही, आदळआपट नाही. मला फार वाईट वाटलं. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

"ठेव ते बॅगेत," मी म्हणालो. "मी काठी घेतो. जायचंच."

बुधवारी आम्ही कसौलीत होतो. काठी टेकत, आळीपाळीने दोघींच्या खांद्यांचा आधार घेत मी पहिल्या बाकापर्यंत पोचलो. तेवढ्यात चहावाला पुढे आला.

"आओ सर जी. आज फिर गिनती?"

"हा मला दुसराच कोणी समजतोय," मी मराठीत म्हणालो.

"शनिवार को सुबह से शाम तक ऊपर-नीचे," तो वैशालीला कौतुकाने सांगू लागला. "आख़िर में बेचारे पाँव पकड़ के यहीं बैठ गए."

"शनिवारी," वैशाली म्हणाली.

"पापा, आप तो डेराबस्सी गए थे," रेवा म्हणाली.

खिशातून नकाशा काढून देण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं. वैशालीने तो बराच वेळ पाहिला. एका कोपऱ्यात मी लिहिलं होतं, 'इथे रेवाचा फोटो. ऊन पाठीमागून नको.'

"म्हणजे तुम्ही सगळं एकटेच बघून आलात."

"तिघांना बघता यावं म्हणून."

रेवा हसत हसत बाकावर बसली. वैशालीने नकाशाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "ऊठ गं. आपण बघून येऊ. यांचं झालंय बघून."

तीन दिवस मी त्या बाकावर काढले. दोघी जायच्या, यायच्या, काय पाहिलं ते सांगायच्या, आणि मी त्यांची अंतरं दुरुस्त करायचो. शेवटच्या दुपारी रेवा गेलीच नाही. माझ्याजवळ बसून राहिली आणि पुण्यात एकटीला कसं वाटेल ते आपल्या मोडक्या मराठीत सांगत राहिली. ती दुपार नकाशात नव्हती.

थोडक्यात, मी कसौलीला दोनदा गेलो. एकदा सगळी कसौली पाहिली, तेव्हा सोबत कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा सगळे सोबत होते, तेव्हा कसौली पाहायला पाय नव्हता. आता रेवा दिवाळीला येणार आहे आणि कुठे जायचं ते वैशाली ठरवते आहे. तयारीतलं एकच काम तिने माझ्याकडे दिलंय. आधीच्या शनिवारी मी घराबाहेर पडायचं नाही, आणि तसं तिने ग्रेवालसाहेबांनाही कळवून ठेवलंय.