काचपेटीतल्या लेकीचा फोटो

एलेनो सुमागायसायला साधी चप्पल घ्यायची झाली तरी बाजाराच्या तीन खेपा व्हायच्या. घालून बघायचा, परत ठेवायचा, घरी येऊन बायकोला विचारायचा. मेर्लिता म्हणायची, "मला पसंत करताना बरा नाही अडलास!" तो लाजून हसायचा. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, ला पाझ बाजारातल्या एका बात्चोयच्या, म्हणजे शेवयांच्या रश्श्याच्या दुकानात रस्सा उकळायचं काम त्याच्याकडे होतं. हाडं, कलेजी आणि शेवया यांत त्याचा हात बसलेला. त्याबाहेर तो जरा बिचकूनच वावरायचा.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मेर्लिताला दिवस गेले आणि सातव्या महिन्यातच तिचा रक्तदाब असा चढला की झटके आले. डॉक्टरांनी घाईघाईने पोट फाडून मुलीला बाहेर काढलं. मुलीला खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं आणि मेर्लिताला वर, पडदे ओढलेल्या खोलीत. तिने उठायचं नाही, बोलायचं नाही, असा हुकूम होता. एलेनो जिन्याने वरखाली करायचा. खाली काही करता येत नव्हतं, वरही काही करता येत नव्हतं.

शुद्धीवर आल्या आल्या मेर्लिताने विचारलं, "बाळ कुठंय?"

"खाली आहे. छान आहे."

"मग आण की वर."

"आणता येत नाही गं. पेटीत आहे."

मेर्लिताच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. 'पेटी' हा शब्द आपण का उच्चारला, असं एलेनोला झालं. तिच्या थोरल्या बहिणीचं बाळ असंच वेळेआधी झालं होतं. 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत घरच्यांनी आठवडाभर तिला झुलवलं होतं, तोवर बाळाचं दफनही उरकलं होतं. मेर्लिताला ते सगळं ठाऊक होतं. नर्सने सांगितलं, तिच्या आईने शपथ घेतली. तिचा कुणावरच विश्वास बसेना. शपथा बहिणीसमोरही घेतल्या होत्या.

एलेनोने फोनने फोटो काढून आणला. तेव्हाचे फोन ते, आणि बाळांच्या खोलीत दिवे मंद केलेले, पेट्यांवर चादरी घातलेल्या. फोटोत काळोख आला आणि काळोखात राखाडी दाणे.

"हे काय आहे?" मेर्लिता म्हणाली. "करपलेल्या भाताचा फोटो काढून आणलास?"

"हा बघ, हा हात..."

"तू पण?" एवढंच बोलून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. यंत्रावरचा आकडा चढत गेला, तशी नर्सने त्याला खोलीबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्सा संपल्यावर तो जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. दुकान मिसेस आंग चालवायच्या. नवऱ्यामागे एकट्याच गल्ल्यावर बसायच्या, पंख्याचं तोंड सतत आपल्याकडे वळवत.

"कशासाठी हवाय? समुद्रावर? लग्नाला?"

"खोलीत. अंधार असतो. फ्लॅश मारायचा नाही."

त्यांनी डबीसारखा एक चकचकीत कॅमेरा पुढे केला. "हा घे. चर्चच्या घंटेवरचं कबूतर ओढून आणतो जवळ."

"ती जवळच आहे, बाई. हातभर अंतरावर."

"कोण ती?"

एलेनोने सांगितलं. मिसेस आंगनी पंखा बंद केला. मग त्या त्याला मागच्या माल ठेवायच्या खोलीत घेऊन गेल्या, दार लोटलं आणि फडताळावरच्या बाळयेशूच्या मूर्तीचे फोटो काढायला लावले. पहिल्या कॅमेऱ्यात मूर्ती हलली. दुसऱ्यात हलली नाही, पण तिच्या गालांवर रवा सांडल्यासारखा दिसला. तिसऱ्यात चेहरा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, तेच कळेना. एलेनो एक उचलायचा, ठेवायचा, पुन्हा पहिल्याकडे वळायचा. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. चुकीचा घेतला तर चप्पल बदलावी तसा बदलून आणता येईल, पण तोवर वर मेर्लिताचं काय होईल?

शेवटी मिसेस आंगनी जरा जाडजूड कॅमेरा काढला. त्याला आखूड भिंग होतं. "याला झूम नाही. पण भिंगाचं तोंड मोठं आहे, होता नव्हता तेवढा उजेड गिळतं. आत उजेड टिपणारी पट्टीही मोठी आहे. एक लक्षात ठेव, तोतो, पोरा. नेम धरशील तेवढंच स्वच्छ येईल. डोळ्यांवर धरलास तर कान पुसट होतील."

"आवाज?"

"ही खूण दाबलीस की मुका होतो."

मूर्तीचा चेहरा त्यात दिसला, अगदी रंगाचा पोपडा उडालेल्या नाकासकट. एलेनोने आयुष्यात पहिल्यांदा घरी न विचारता वस्तू घेतली.

खालच्या वॉर्डातली नर्स जोवेलिन म्हणाली, "मानोंग, दादा, फ्लॅश उडाला तर कॅमेरा माझा, आणि तुम्ही बाहेर."

पहिल्या फोटोत काचेवर त्याचा स्वतःचाच चेहरा आला, कुणीतरी लुटल्यासारखा. मग त्याने भिंग काचेला टेकवलं. मुलीची छाती इतक्या घाईने वरखाली होत होती की ती प्रत्येक वेळी पुसटच यायची. पाय स्वच्छ आला, नाकातली नळी स्वच्छ आली. त्याने श्वास रोखला, आणि मग एकदाचा तिचा चेहरा आला, ओठ किंचित उघडे असलेला.

मेर्लिताने कॅमेऱ्याचा पडदा नाकाजवळ धरला.

"नाक तुझ्या आईचं," ती म्हणाली. मग लगेच, "पण ही पिवळी का दिसते?"

"दिव्यामुळे. तिथला दिवाच पिवळा आहे."

मिसेस आंगनी दिव्याप्रमाणे रंग बदलायची सोय दाखवली होती. तो खाली गेला, ती वापरून पुन्हा फोटो काढला. मुलगी गुलाबी आली. मेर्लिताने त्या दिवशी पेज खाल्ली, वाटी पुसून. एलेनो व्हरांड्यात जाऊन रडला. आपल्या हातून काहीतरी झालं, असं त्याला त्या एका संध्याकाळी वाटलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे. निळ्या दिव्याखाली ठेवतोय. अशा बाळांना होते, कालच रक्त तपासायला पाठवलं होतं."

म्हणजे ती पिवळीच होती. कॅमेऱ्याने पहिल्यांदा खरं दाखवलं होतं, आणि त्याने स्वतःच्या बोटाने ते पुसलं होतं. डॉक्टरांना त्याच्या फोटोची गरज नव्हती, मुलीचं त्याने काही अडलं नव्हतं. पण वर जाऊन मेर्लिताला काय सांगायचं? पेटीत सगळं निळं झालं होतं, उजेड लागू नये म्हणून मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

"आजचा फोटो?" मेर्लिताने विचारलं.

"बॅटरी संपली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "गेली ना?"

"नाही! अगं नाही!"

"मग दाखव."

त्याने दाखवला. निळा अंधार, पांढरी पट्टी. मेर्लिताने तोंडावर हात दाबला. त्याने कावीळ सांगितली, दिवा सांगितला, कालचा रंग आपणच बदलला हेही सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कळेना.

"तुला नीट खोटंही बोलता येत नाही," ती म्हणाली. "मला खाली ने."

"डॉक्टर नाही म्हणतात."

"मग तू काय कामाचा?"

तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. तिने त्याचा हात झटकला नाही आणि धरलाही नाही. तिचा रक्तदाब उतरेपर्यंत रोज असंच चाललं. तो फोटो आणायचा, ती एकेका फोटोची उलटतपासणी घ्यायची, आणि तो दर वेळी नापास व्हायचा.

मग एके दुपारी तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली नेलं. पेटीपाशी खुर्ची थांबली तशी मेर्लिता इकडेतिकडे बघू लागली.

"आपली कुठली?"

"हीच," जोवेलिन म्हणाली.

"एवढीशी?" ती एलेनोकडे वळली. "फोटोत तर मोठी होती!"

भिंग काचेला टेकवून काढलेल्या फोटोत दुसरं काहीच नव्हतं, ना हात, ना चमचा. ही खरी किती मोठी, ते कळायला जागाच नव्हती. आणि एलेनोला ते सुचलंही नव्हतं. मेर्लिताने पेटीच्या भोकातून हात आत घातला. मुलीच्या अख्ख्या पंजात तिच्या बोटाचं टोकही मावेना.

"मी रोज दुसऱ्याच कुणाच्या मुलीला जोजवत होते," ती म्हणाली.

मुलगी जगली. पावसाळा संपताना घरी आली, किरकिरी, रात्रंदिवस भूक लागलेली. मेर्लिताने ते फोटो पुन्हा कधी पाहिले नाहीत. टाकूनही दिले नाहीत. त्या दुपारी मात्र ती बराच वेळ पेटीशी बसली होती, आणि एलेनो खुर्चीमागे उभा होता, कॅमेरा गळ्यात, खुर्चीची मूठ घट्ट धरून. जोवेलिन म्हणाली, "मानोंग, दोघींचा काढा की एक." त्याने नकारार्थी मान हलवली. मूठ सोडली तर खुर्ची मागे सरकेल, असं त्याला वाटत होतं.