पहिला परिच्छेद उडवा

सन दोन हजार चार. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो, बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आता आपल्याला कोणी नवीन माणूस भेटायचा नाही अशी माझी समजूत होती. तेवढ्यात गुहागरचे हे गृहस्थ माझ्या वाट्याला आले. माणसाला दमवण्याची जी विद्या आहे, ती ह्या एका माणसाकडे जेवढी होती तेवढी साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात मिळून नसेल. मी पन्नास वर्षं उन्हात शिडीवर उभा राहून काम केलं, कधी दमलो म्हणून बसलो नाही. ह्यांनी लिहिलेलं एक पान वाचलं की मात्र घरी जाऊन आडवा व्हायचो. आणि पहिली दीड वर्षं तर मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. ते कॉम्प्युटरात होते.

मी रंगारी. रत्नागिरीच्या बंदरावर होड्यांची, लाँचींची नावं रंगवणं हा माझा धंदा. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा ओढूनताणून. पण अक्षरात मी कोणाला हार गेलो नाही. मराठी, इंग्रजी सगळं ब्रशाने काढलं. काही मालकांना उर्दूतून नाव लागायचं, ते मला वाचता येत नसे, पण कागदावरचं बघून असं उतरवायचो की मौलवीसाहेब जाता जाता थांबायचे. बस स्टँडच्या मागे, तार ऑफिसातून निवृत्त झालेल्या एकाने इंटरनेटचं दुकान काढलं, त्याची पाटी मीच रंगवली. ती वाळेपर्यंत आत बसलो, तेव्हा त्याने मला एक मराठी साईट दाखवली. हौशी माणसं तिथे कथा-कविता लिहायची आणि बाकीची खाली प्रतिसाद द्यायची. इंग्रजी अक्षर दाबलं की मराठी उमटायचं. इंग्रजीचा अर्थ मला लागत नसला तरी अक्षरांचे चेहरे सगळे ओळखीचे. रोज दोन तास, एका बोटाने, मी लिहायला लागलो. कागदावर लिहायची मला लाज वाटे. जन्माच्या सवयीने माझं अक्षर बोर्डाएवढं, वहीच्या पानावर जेमतेम बारा शब्द मावायचे. इथे सगळ्यांचं अक्षर सारखं. नाव घेतलं 'सुकाणू'. लोकांना वाटलं, हा बंदर खात्यातला कोणी निवृत्त साहेब. मला 'सर' म्हणायला लागले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जन्मात पहिल्यांदा कोणी सर म्हणत होतं, त्याला लगेच कशाला अडवा.

ह्या साईटवर राज्य होतं ते गुहागरच्यांचं. त्यांनी स्वतःला 'पोफळ' असं नाव घेतलं होतं, कारण घरची सुपारीची बाग. त्यांचा मंत्र एकच: पहिला परिच्छेद उडवा. कथा असो, कविता असो, पहिला परिच्छेद उडवा. "लिहिणारा आधी घसा खाकरतो आणि मग बोलतो. खाकरणं वाचकाने का ऐकावं?" असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या एकाने हौसेने मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली, तर त्याखाली ह्यांचा प्रतिसाद: "पहिला परिच्छेद उडवा. कुलदेवतेची कृपा वाचकाला ठाऊक आहे. मुलीपासून सुरुवात करा." माझ्या पहिल्या गोष्टीत होडी बंदराबाहेर पडायला दीड पान लागलं होतं. ह्यांनी लिहिलं, "होडी समुद्रातच असू दे. बंदर आम्ही पाहिलेलं आहे." मला राग आला. मी एका बोटाने विचारलं, बंदरातून न निघता होडी समुद्रात जाते कशी? त्यावर गोष्टीपेक्षा लांब उत्तर आलं, आणि शेवटी टीप: 'ह्या उत्तराचा पहिला परिच्छेद मी आधीच उडवला आहे.'

ह्यांच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. एका लेखकाचा नायक ऐन जुलैत ताजं पापलेट खात होता, तर ह्यांनी विचारलं, "होड्या तेव्हा किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. हे पापलेट धरलं कोणी?" त्या बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी नायकाला शाकाहारी करून टाकलं. आणि ह्यांचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. "लाईट गेली की तुमचं साहित्य गेलं," म्हणायचे. म्हणून साईटवर जे जे येईल ते गुहागरच्या बाजारात जाऊन छापून घ्यायचे, लाल शाईने खोडायचे आणि गठ्ठे सुंभाने बांधून सुपारीच्या खोलीत ठेवायचे. दर आठवड्याला एवढे कागद घेऊन जाणारा माणूस बघून गावाची खात्री झाली होती की ह्यांची जमिनीची केस हायकोर्टात गेली आहे. वकील कोण दिलाय, असं लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. स्वतः मात्र त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कोणीतरी टोचून विचारलं तेव्हा उत्तर दिलं, "पोफळीवर चढणारा वेगळा, सुपारी सोलणारा वेगळा. मी सोलणारा."

मी बावीस गोष्टी लिहिल्या. एकवीस त्यांनी सोलल्या. तिसरीला मात्र त्यांनी प्रतिसादच दिला नाही. ती माझ्या बायकोची होती. तिला वाचता येत नव्हतं, पण धक्क्यावर टोपली घेऊन बसल्या जागेवरून ती सांगायची, ती लाँच तुम्ही रंगवली, ती दुसऱ्याने. तुमचं 'म' पोटात वारा भरल्यासारखं असतं. एवढीच गोष्ट. बाकी सगळ्यांनी वा वा केलं. गुहागरच्यांकडून एक शब्द नाही. लोकांच्या लग्नपत्रिकेला प्रतिसाद देणारा माणूस माझ्या बायकोपुढे गप्प बसला, हे मी मनात ठेवलं. विचारायचं मात्र नाही असं ठरवलं.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. घाट घातला लांज्याच्या एका बाईंनी. त्या काजूचा कारखाना चालवायच्या आणि कविता करायच्या. जागा रत्नागिरीतल्या एका वाचनालयाची मागची खोली. एकमेकांचे चेहरे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून मी पत्र्याचे छोटे बिल्ले कापून प्रत्येकाचं साईटवरचं नाव त्यावर रंगवलं. अकरा बिल्ले, अकरा तऱ्हेची अक्षरं. मग अर्धा तास रॉकेलने हात घासले, वर साबण लावला, नवा सदरा घातला आणि सर होऊन गेलो.

लांज्याच्या बाई बिल्ला लावत म्हणाल्या, "काय सुरेख अक्षर आहे. कोणाकडून करून घेतलंत हो, सर?"

"आहे एक ओळखीचा," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, गुहागरचे म्हणजे मिशीवाला, आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा माणूस असणार. आले ते पोफळीसारखेच, उंच आणि किरकोळ, डिसेंबरात हातात छत्री, काखेत गठ्ठा. आवाज इतका बारीक की ऐकायला सगळ्यांनी वाकायला लागायचं. सगळ्यांचे नमस्कार त्यांनी अर्ध्यावर थांबवले, कारण नमस्कार म्हणजेही पहिला परिच्छेदच. मी बिल्ला पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांशी धरला, मग नाकाशी धरला. मग माझा हात धरून तोही नाकाशी नेला.

"हे तुम्हीच रंगवलंत," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले नाहीत, हे मला तुमच्या तिसऱ्या गोष्टीतच कळलं होतं."

त्यांचा तो बारीक आवाज त्या दिवशी नेमका सगळ्यांना ऐकू गेला. ते पुढे काहीतरी बोलत होते, पण मी हात सोडवून घेतला होता. लांज्याच्या बाई मागून "अहो, चहा तरी" म्हणत होत्या. मी चपला घातल्या आणि चालत घरी आलो. वाटेत ओळखीच्या माणसाने हाक मारली, त्यालाही ओ दिली नाही.

त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढलो नाही. आठ महिने गेले. कोण आधी लिहितो बघू, असा माझा हट्ट. पण ज्या जागी त्यांनी लिहायचं तिकडे मी फिरकत नव्हतो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. शेवटी गणपतीच्या आधी एकदा गेलो. दुकानदाराने मशीन लावलं आणि मान हलवली.

"साईट बंद पडली, तात्या. चालवणारा परदेशात होता, त्याने सोडून दिलं."

"म्हणजे माझ्या गोष्टी कुठे आहेत?"

"गेल्या."

"गेल्या म्हणजे कुठे गेल्या?"

त्याने आयुष्यभर लोकांच्या मरणाच्या तारा घेतल्या आणि दिल्या होत्या. पण हे कसं सांगावं ते त्यालाही कळेना. "चहा सांगतो," म्हणाला.

एकवीस गेल्याचं मला फारसं दुःख नाही. पण तिसरी गेली म्हणजे बायको दुसऱ्यांदा गेली. मी ती पुन्हा लिहून बघितली, वहीत, बारा-बारा शब्दांची पानं करून. ती धक्क्यावर बसेपर्यंत लिहून व्हायचं, पण तोंड उघडून बोलायची नाही. वय झालं की हात कापत नसला तरी आठवण कापते. सोडून दिलं. त्या गोष्टी कोणाजवळ छापलेल्या आहेत, हे मला रोज आठवायचं. पण मागायला जायचं ते कोणाकडे? ज्याने चारचौघांत माझं 'सर'पण काढून घेतलं, त्याच्याकडे. नाही गेलो. दीड वर्षं नाही गेलो.

मग गेल्या वैशाखात मी बाजारात एका दुकानाच्या पाटीवर काम करत होतो. खालून आवाज आला, "सर, जरा खाली उतरा. कारखान्याची पाटी रंगवून हवीय."

लांज्याच्या बाई. मी शिडीवरूनच म्हटलं, "सर नव्हे. रंगारी."

"ते आम्हाला त्याच दिवशी कळलं. मग काय झालं? माझ्या कारखान्यात बी.ए. झालेल्या दोघी आहेत, त्यांना कविता येते का?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पळालात कशाला? त्यांचं पुढचं वाक्य ऐकलंत तरी का?"

"एक ऐकलं, पुरे झालं."

"ते म्हणाले, शिकलेल्या माणसाला ती गोष्ट लिहिता आली नसती. म्हणून तिथे माझी लाल शाई चालेना. हे बोलून बघतात तर समोर तुम्ही नाही. मग दिवसभर बिल्ला हातात घेऊन बसले होते. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

मी ब्रश डब्यात ठेवला. जन्मभर हा माणूस ओरडत होता की पहिलं सोडा, दुसऱ्यापासून वाचा. आणि नेमकं त्याचंच पहिलं वाक्य तेवढं घेऊन मी घरी आलो होतो.

बाईंनी बाकीचं सांगितलं. गठ्ठे आहेत, सुपारीच्या खोलीत. पोस्टाने पाठवा असं त्यांनी सुचवून पाहिलं होतं, पण गुहागरच्यांचं उत्तर: सुकाणूला समोर बसवल्याशिवाय देणार नाही, तो पहिले परिच्छेद न उडवता परत नेईल. आता त्यांची नजर गेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. रोज दुपारी बहीण गठ्ठा सोडून त्यांना एक गोष्ट वाचून दाखवते, प्रत्येकीचा पहिला परिच्छेद गाळून.

"तुमची तिसरी मात्र पहिल्यापासून वाचायला लावतात," बाई म्हणाल्या. "ती वाचताना चुकून वगळलं तर तिला परत मागे नेतात."

मी ब्रश पुन्हा हातात घेतला. दुपारभरात पाटी पुरी केली. शेवटचं अक्षर 'म' होतं, ते जरा जास्तच फुगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणवरून गुहागरला जाणारी एस.टी. पकडली. धुतलेला सदरा घातला. रॉकेलची बाटली हातात घेतली होती, ती तशीच परत फळीवर ठेवली आणि नखांतला रंग राहू दिला. त्यांना आता दिसत नाही. दारात कोण आलंय ते वासावरून कळायला हवं.