केडगावची शेड, न्हावऱ्याची शेड आणि हिरव्या गोधड्या

शाळा सुटली की मी आईच्या शेडमध्ये जाऊन बसते. कटिंग टेबलाच्या टोकाला माझी जागा ठरलेली आहे. तिथे मी अभ्यास करते, निदान सगळ्यांना तसं वाटतं! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर कुणी आवाज कमी करत नाही. टेबलाखाली चिंध्या जशा न सांगता साठत जातात, तसे माझ्याकडे किस्से साठले आहेत.

मागचं वर्षभर मात्र ते कुणाला सांगावेसे वाटत नव्हते. शेड राहणार की जाणार, हेच ठरत नव्हतं. गेली असती, तर आईला पुण्याच्या एखाद्या कारखान्यात काम बघून तिकडेच राहावं लागलं असतं आणि मी इथे काकूकडे. आता नवीन ऑर्डर आली आहे. आई रोज संध्याकाळी माझ्याबरोबरच घरी येते. त्यामुळे आता हसून घ्यायला हरकत नाही.

*

आमची केडगावची शेड आप्पांच्या मालकीची. तिथे टी-शर्ट शिवतात. भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याला अगदी अशीच शेड मंदाताईंची. दोघांचं काम एकाच कंपनीचं आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद!

कारण आप्पांचा कापड बेतणारा कटिंग मास्टर. तो बिहारचा. आप्पा शेडच्या आवारात मच्छी शिजवू देईनात. मंदाताईंनी त्याला तिकडे स्वतंत्र चूल मांडून दिली. मास्टर कढईसकट नदीपार गेला.

अशा दोघांना कंपनीच्या मॅडमनी एका टेबलापाशी बसवलं. मॅडम म्हणाल्या, "कपड्यांच्या धंद्यामुळे हवा किती तापते, हे आता सगळ्या कंपन्यांच्या लक्षात आलंय. एकट्यादुकट्याने काही होणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून कोळसा बंद करायचा, वीज वाचवायची, गाडी एकच करायची, आणि कापडाची एकही चिंधी जाळायची नाही. दोन्ही शेडना जमलं तर दोघांना ऑर्डर. एकाला जमलं नाही, तर दोघांनाही नाही."

आप्पा छताकडे बघत होते, मंदाताई खिडकीकडे. मध्ये चहा घेऊन आलेली माझी आई.

"सुरेखा," मंदाताई म्हणाल्या, "आप्पास्नी इचार, जमंल का त्यांना?"

"सुरेखा, त्यांना सांग, आम्हाला जमंल. त्यांचं त्यांनी बघावं."

मॅडम समजावू लागल्या, "अहो, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यासुद्धा यासाठी एकत्र बसल्यात!"

"सुरेखा," आप्पा छताकडे बघतच म्हणाले, "मॅडमना इचार, त्यांच्यात कुणी कुणाचा मास्टर पळवलाय का?"

*

सगळ्यात आधी शिलाई मशीनच्या मोटारी बदलल्या. जुन्या मोटारी एकदा चालू केल्या की कुणी शिवत असो वा नसो, दिवसभर घूं घूं करायच्या. तेवढी वीज फुकट. नव्या मोटारी पाय दिला तरच फिरतात. पाय काढला की गप्प.

आमच्या शेडची एक जुनी पद्धत आहे. मोटारींचा आवाज थांबला म्हणजे लाइट गेली, आणि लाइट गेली की सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली जायचं. डोळ्यांनी बघायची गरजच पडत नाही. कान सांगतात आणि पाय चालू लागतात.

पहिल्या दिवशी मॅडम नव्या मोटारी बघायला आल्या. सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे बघण्यासाठी एकदम पाय काढले. शेडमध्ये एकदम शांतता! आणि एका क्षणात सगळ्या उठून बाहेर गेल्या. कुणी पदर झाडला, कुणी तंबाखूची मिसरी काढली.

आत डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या. पंखे फिरत होते. मॅडम एकट्या उभ्या. मी होते, पण मी मोजण्यात नसते.

मॅडम घाबरून म्हणाल्या, "यांना माझं काही लागलं का?"

*

कोळशाचा बॉयलर आबा सांभाळतात. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती आणि हा बॉयलर. कपड्यांना इस्त्री करायला लागणारी वाफ त्याच्यावर होते. कोळसा बंद झाला आणि उसाच्या चिपाडाचे दाबून केलेले ठोकळे आले. आमच्याकडे ऊस काय कमी आहे! चिमणीतून येणारा काळा धूर जवळजवळ दिसेनासा झाला.

धूर दिसेनासा झाला, आणि गावात बातमी पसरली की शेड बंद पडली!

शाळेत मला मैत्रिणीने विचारलं, "तुझी आई आता कुठं जाणार गं?" मला माहीत होतं की आई सकाळीच डबा घेऊन शेडवर गेली आहे. तरीसुद्धा शाळा सुटल्यावर मी धावतच गेले. आई मशीनवर होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात कासुर्डीचा एक भंगारवाला टेम्पो घेऊन दारात. शेडच्या छताकडे नीट बघून म्हणाला, "आप्पा, पत्रे कसे देणार?"

आप्पांच्या आधी आबाच पुढे आले. "कुणी सांगितलं तुला शेड मेली म्हणून?"

"धूर न्हाई की, आबा."

"तुझ्या घरी चूल हाय का गॅस?"

"गॅस."

"धूर येतो?"

"न्हाई."

"मग तू कवा मेला? आम्हाला कळवायचं तरी!"

*

गाडीचं असं ठरलं, की एकच ट्रक न्हावऱ्याहून माल घेईल, भीमेच्या पुलावरून केडगावला येईल, उरलेली जागा आमच्या मालाने भरेल आणि मग पुण्याला जाईल. दोन अर्ध्या गाड्यांऐवजी एक भरलेली. डिझेल वाचलं.

मॅडमनी ड्रायव्हर नानांना बजावलं, "येतानाही गाडी रिकामी पळवू नका. रिकामी गाडी म्हणजे वाया गेलेलं डिझेल."

नानांनी हे फारच मनावर घेतलं. पुढच्या खेपेला ते पुण्याहून परतले, ते वाटेत यवतला थांबून बहिणीची म्हैस घेऊनच!

दुसऱ्या दिवशीच्या खेपेत पुण्याला खोकी पोहोचली आणि मॅडमचा फोन आला. आवाज इतका चढला होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "टी-शर्टच्या खोक्यांना शेण कसं लागलं?"

नाना शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणाला, रिकामी आणू नका. म्हशीनं जेवढी गाडी भरती, तेवढी दुसऱ्या कशानं भरती का, तुम्हीच सांगा."

*

आता चिंध्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन अडलं होतं.

नवा नियम असा, की कापताना उरलेल्या चिंध्या गिरणीला द्यायच्या. तिथे त्यांचं पुन्हा सूत होतं. पण दोन्ही शेडमध्ये वर्षानुवर्षं बायका थोड्या चिंध्या घरी नेतात आणि जोडून गोधडीला वरून लावतात. कुणी कधी नको म्हटलं नाही आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवा नियम कळल्यावरही गोधडीची आठवण कुणालाच झाली नाही. गोधडी म्हणजे चिंधी, हे डोक्यातच येत नाही ना!

त्या वर्षी सगळी ऑर्डर पोपटी हिरव्या रंगाची होती. थंडीत सकाळी केडगाव स्टेशनवर गोधडी पांघरून डेमूची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे बघावं, तर अर्धा प्लॅटफॉर्म पोपटी!

*

शेवटची तपासणी झाली तेव्हा मॅडमनी आलेलं कापड, गेलेले टी-शर्ट आणि गिरणीला दिलेल्या चिंध्या असा दोन्ही शेडचा मिळून हिशेब लावला. चिंध्या बऱ्याच कमी भरल्या.

"जाळल्यात का?" मॅडमनी विचारलं. "खरं सांगा. जाळल्या असतील, तर दोन्ही शेडची ऑर्डर गेली."

आप्पांनी पुन्हा छताकडे बघितलं. मंदाताई पदराचं टोक पिळत होत्या. माझी आई कुणासमोर कधी पुढे होत नाही. ती उभी राहिली.

"मॅडम, जाळल्या न्हाईत. पांघरल्यात."

दुपारपर्यंत केडगावातल्या घराघरांतून गोधड्या आल्या. पुलापलीकडून नानांचा ट्रक भरून न्हावऱ्याच्या आल्या. ज्या हिरव्या, त्याच धरायच्या, असं ठरलं. आडतीवरून कांद्याचा मोठा काटा आणून लिंबाखाली ठेवला आणि त्यावर गोधड्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग रचला. आतल्या जुन्या साड्यांचं वजन मॅडमनी अंदाजाने आधीच सोडून दिलं होतं.

मॅडमनी काटा बघितला. पुन्हा बघितला. कपाळाला आठ्या पडल्या.

"आता हे जास्त कसं? जेवढं कमी होतं, त्याहून जास्त भरतंय! यात बाहेरचा माल मिसळलाय का?"

आईने माझा हात घट्ट धरला. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

आप्पा तरातरा पुढे गेले. न छताकडे बघितलं, न आईला मध्ये घातलं. सरळ म्हणाले, "मंदाताई! न्हावऱ्याच्या गोधड्यांत दगड भरलेत का?"

मंदाताई ढिगाला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. तिथे सावलीत खालच्या गोधडीचं टोक काट्यावरच पसरलेलं होतं. त्या वाकल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

"दगड न्हाई, आप्पा. तुमचा नातू झोपलाय. सूनबाईंनी मऊ जागा बघून ठेवलाय." मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "त्याला उचलते. पण अंगातलं झबलं तेवढं वजनात धरा, मॅडम. ते बी चिंधीचंच हाय!"