भोपळ्यात बसलेले आमदार

दत्तूच्या सलूनमध्ये आज पेपरातलं एक चित्र पाहिलं. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण चित्र मला कोणी वाचून दाखवावं लागत नाही. आमचे आमदार भोपळ्यात बसून टुणटुण उड्या मारत चाललेत, भोपळ्याला गाडीची काळी काच आहे आणि रस्त्याकडेला एक मिशाळ वाघ तोंड उघडं टाकून बघतोय.

"आप्पा, वाघ तुमच्यावरच गेलाय की!" दत्तू म्हणाला. सगळं सलून हसलं.

मीही हसलो असतो. पण सोमवारीच ओढ्यावरच्या पुलाचा अर्ज घेऊन मी रस्त्यात उभा होतो आणि त्यांची गाडी काच खाली न करता गेली. त्यांच्या पहिल्या निवडणुकीला पूल झाल्याशिवाय मत नाही म्हणून गाव अडून बसलं होतं. तेव्हा याच माणसाने माझे पाय धरले. "आप्पा, एकदा मुंबईला जाऊ द्या, आल्यावर पहिला पूल." गावाला मीच समजावलं. गोष्टीतली म्हातारीही वाघाला हेच सांगते, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. आमचे आमदार जाडजूड तेवढे झाले.

लहानपणापासून आपण म्हातारीच्या हुशारीवर खूश. वाघाचा विचार मीसुद्धा कधी केला नाही. पोटात भूक असताना समोरचा घास त्याने नुसत्या शब्दावर जाऊ दिला आणि ठरल्याप्रमाणे ती परत येईपर्यंत वाट बघितली.

चित्र काढणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे, आमदाराला हवं तेवढं हास, पण वाघाला खुळा काढू नकोस. त्या सगळ्या गोष्टीत शब्द पाळणारा तो एकटाच आहे.