लाखर झेच्या काठावर माझी परीक्षा कुणी दिली?

पिलारबाईंनी मला फसवलं. मी न दिलेल्या परीक्षेत त्यांनी मला पास केलं.

हसू येईल तुम्हाला... माझ्या बायकोलाही आलं. पण मी भोसरीच्या वर्कशॉपमधून वर आलेला माणूस आहे. आयटीआय, लेथ, मग नोकरी करत डिप्लोमा, आणि आता नऊ वर्षं स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत टूलिंगचं काम. मला कुणी फुकट काही दिलं नाही, आणि दिलं तेव्हा मी ते आधी उलटंपालटं करून पाहिलं. भूत, चकवा, भास असलं काही सांगणाऱ्यांशी मी जेवणाच्या पंगतीत भांडलोय. तेव्हा खालचं नीट वाचा, आणि चूक सापडली तर दाखवा. मला खरंच हवी आहे ती.

आमच्या कंपनीचा स्पेनमध्ये नवा प्लान्ट होतोय. तिथे टूलरूमचा प्रमुख म्हणून जायचं तर स्पॅनिशचं बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, सर्टिफिकेट लागतं. ती जागा मला हवी होती. म्हणून दीड वर्ष दर शनिवारी क्लासला गेलो. शिकवणाऱ्या पिलारबाई मूळच्या तेनेरिफेच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या बेटावरच्या. जर्मनीत आपलं गाव आठवतं ते फक्त आयफेलच्या जुन्या ज्वालामुखी डोंगरांत, असं त्या म्हणायच्या. म्हणून कोर्सच्या शेवटी दोन दिवस आयफेलची सहल. जर्मन बोलायला बंदी, फक्त स्पॅनिश. आणि तोंडी परीक्षाही तिथेच, तळ्याकाठी चालता चालता.

तळ्याचं नाव लाखर झे. आंडरनाख स्टेशनवरून बसने गेलो. हजारो वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी फुटला, जमीन खचली आणि त्या खड्ड्यात हे तळं साठलं. पूर्वेच्या काठाला आजही पाण्यातून बुडबुडे येत असतात... खालून कार्बन डायऑक्साइड निघतो. ऑक्टोबर महिना, लख्ख ऊन, दुपारचा पाऊण. आम्ही विद्यार्थी सहा आणि सातव्या बाई.

बाईंनी विषयांच्या चिठ्ठ्या वाटल्या. माझी चिठ्ठी होती — ज्याची माफी मागायची राहिली असा माणूस. मी 'माझं काम' हा विषय घोकून आलो होतो.

"चिठ्ठी बदलून द्या," मी म्हणालो.

"नाही."

"मग मला शेवटी घ्या."

"तुमचा नंबर पहिला आहे."

"बरं, तिसरा. त्या बदल्यात मी दोन विषयांवर बोलतो."

"सेन्योर, तुम्ही इथे भाजी घ्यायला आलाय का?"

सगळे हसले. मला संताप आला. दहा मिनिटांत येतो असं सांगून मी वाटेवरून खाली उतरलो आणि बुडबुड्यांजवळ एका आडव्या ओंडक्यावर जाऊन बसलो. सॅक पाठीवरच होती. स्पॅनिश क्रियापदांची भूतकाळाची रूपं आठवत होतो, एकही धड जमत नव्हतं. पाण्याकडे बघत बसलो. चक्कर नाही, झोप नाही, काही नाही. मनगटावरच्या घड्याळात एक वाजला तसा उठलो.

वर आलो तर मंडळी समोरून येत होती. पुढे हेल्गा. ही आमच्या वर्गातली निवृत्त नर्स, परीक्षेतली माझी जोडीदार. तिच्या हातात शंकरपाळी होती.

"मी तयार आहे," मी बाईंना म्हणालो.

बाईंचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, "आता आणखी काय बोलणार? झाली की तुमची परीक्षा. दीड वर्षात तुम्ही असं कधीच बोलला नव्हतात."

मला वाटलं, मघाच्या भांडणाचा सूड घेतायत. मी आवाज चढवला. कागद दाखवा म्हणालो. त्यांनी दाखवला. पंचवीस मिनिटं, वरची श्रेणी, आणि खाली माझी सही. सही माझीच. शेवटच्या अक्षराची शेपटी मी खाली ओढतो, तशीच ओढलेली. बाकी सगळ्यांच्या घड्याळांत पावणेदोन वाजले होते.

"ही शंकरपाळी कुठून आली?" मी हेल्गाला विचारलं. बंदी विसरून, जर्मनमध्ये.

"आल्झो... म्हणजे, तुम्हीच तर दिलीत सगळ्यांना."

मी सॅक उतरवली. निघताना मानसीनं, माझ्या बायकोनं, डबा भरून दिला होता. "अहो, एकटेच खाऊ नका, सगळ्यांना द्या," असं दोनदा बजावलंही होतं. मी तो उघडलाच नव्हता. आता डब्यात शंकरपाळी एकही नव्हती. आत एक दगड होता, प्युमिस... फेसासारखा हलका, ज्वालामुखीचा.

"तो मी ठेवला," हेल्गा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, तुमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्याकडे साखर नव्हती."

इथे मी हेल्गाला थांबवलं. कारण हे मी बोलणं शक्य नाही. मी शेजाऱ्यांचे डबे रिकामेच परत करतो, त्यावरून मानसी चिडते. साखर घालायच्या त्या आमच्या वहिनी. अण्णाची बायको.

"आणि काय काय बोललो मी?"

हेल्गानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं.

अण्णा माझा मोठा भाऊ. भोसरीचं वर्कशॉप आम्ही दोघं चालवायचो. अण्णानं मला तिथून काढलं, हे मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. मानसीलाही. हेल्गानं जे सांगितलं ते वेगळं होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा आख्खा लॉट नापास झाला, कारण ड्रॉइंग मी चुकीचं वाचलं. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तेव्हा मी अण्णाकडे बोट दाखवलं. अण्णा गप्प राहिला. गावभर त्याचं नाव खराब झालं, आणि मी दुसऱ्या महिन्यात तिथून बाहेर पडलो.

हे खरं आहे. पण जगात हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि अण्णाला. आणि अण्णाला स्पॅनिश येत नाही.

"तुम्ही एकदाही अडखळला नाहीत," हेल्गा म्हणाली. "शेवटी म्हणालात, आता फोन करतो. केला का?"

घरी आल्यावर मानसीला सगळं सांगितलं. ड्रॉइंगचंसुद्धा. तिनं तो दगड हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "अहो, त्या गॅसनं डोकं बधिर झालं असेल. बोललात आणि विसरलात."

मान्य. वाकून हुंगलं तर त्या गॅसनं गुदमरायला होतं, असं वाचलंय. पण उघड्यावर, वारा सुटलेला असताना? आणि मला धड एक वाक्य जमत नव्हतं, ते पंचवीस मिनिटं न अडखळता कसं जमलं? गॅसनं व्याकरण येत असेल तर क्लास बंद करा.

मी क्लासला लेखी कळवलं — निकाल रद्द करा, परीक्षा परत घ्या, नापास झालो तरी चालेल. पिलारबाईंचं उत्तर आलं. "तुम्ही बोलताना रडलात. मी तुमचा हात धरला होता. तो हात मी रद्द कसा करू?"

स्पेनच्या कागदांवर सोमवारी सही करायची आहे. ते सर्टिफिकेट जोडलं, की त्या पंचवीस मिनिटांत जे बोललं गेलं ते मीच बोललो असं होतं. नाही जोडलं तर जागा गेली. आजवर मी प्रत्येक सौद्यात समोरच्याचा चेहरा बघून बोलत आलो. इथे समोर कोण आहे तेच कळत नाही.

म्हणून इथे चारचौघांत विचारतोय. पिलारबाईंनी उत्तर द्यावं, क्लासनं द्यावं, नाहीतर त्या तळ्याकाठी जो कुणी उभा होता त्यानं द्यावं. मला न विचारता माझ्या नावानं कबुली देणारा तू कोण?