गोदाबाईचा खून

किरनापुरात गोदाबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. नवऱ्यामागे मुरमुऱ्यांची भट्टी तिने एकटीने चालवली, आणि कोणी वाकडं बोललं की ती कडाडायची, "मुडदा पाडीन तुझा!" शेजारच्या चैतरामला तर हे रोजचंच होतं, कारण त्याच्या कोंबड्या तिच्या वाळवणात शिरत.

सन चौसष्टच्या उन्हाळ्यात एक वानर छपरावर मुरमुरे खात बसलं. गोदाबाईने चिमटा भिरकावला. वानराने उडी मारली, छपराचं कवेलू घसरलं आणि भिंतीपलीकडे उभ्या चैतरामच्या डोक्यात बसलं. लोकांनी त्याला मोटारीने बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. दुपारी बातमी आली, चैतराम गेला.

 गोदाबाई लपली नाही. भट्टी विझवली, बालाघाट गाठलं आणि माहेरच्या ओळखीच्या मेश्राम वकिलांच्या दारात उभी राहिली.

"भाऊ, मीनं खून केला. मले ठाण्यात न्या."

वकिलांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "चिमटा कोणाले मारला?"

"वांदराले."

"चैतरामले मारायचं मनात होतं?"

"काल होतं. परवाही होतं. पण तवा नव्हतं. तो तिथं हाय, हेच मले ठाऊक नव्हतं."

"मग खून कसा होईल, बाई? इंग्रजांचा कायदा असो का आपला, नुसता हात लागून भागत नाही. त्याच घडीला मनातही जीव घ्यायचा, नाही तर जबर घाव घालायचा इरादा पाहिजे. कालचा राग आजच्या चिमट्याले चिकटत नाही. फक्त तुझं ते 'मुडदा पाडीन' साऱ्या गावानं ऐकलं हाय, तेवढं जड जाईल. अन् खुनाले आधी मुडदा लागते. तो कोणी पाह्यला?"

कोणीच पाहिला नव्हता. दोघं दवाखान्यात गेले. डोक्याला पट्टी बांधलेला चैतराम खाटेवर बसून आणखी भातासाठी नर्सबाईशी भांडत होता. गोदाबाईला पाहताच त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"आली! उरलेलं काम कराले आली!"

सारा वॉर्ड हसला. गोदाबाई आधी रडली, मग तीही हसली. "काहून रे, जिता हायस हे कळवता नाही आलं तुले?"

"हौ, आता मीच येऊन सांगू का?"

सुटी झाली तेव्हा त्याला घरी आणायलाही तीच गेली. परतीच्या मोटारीत खिडकीची जागा कोणाची, यावरून किरनापूर येईस्तोवर दोघांचं वाजत राहिलं.