जोतीरामच्या हातातलं घड्याळ

सांगलीच्या हळदपेठेत डॉक्टर धरणेंद्र मगदूम यांच्या दवाखान्याच्या पायरीवर जोतीराम कंपाउंडर दिवसातून दहादा उठायचा आणि दहादा बसायचा. पोस्टमन दिसला की उठायचा, तो पलीकडच्या अडतीत शिरला की बसायचा. बायको सुलाबाई म्हणायची, देवानं या माणसाच्या पायाला भिंगरी लावली आणि घरात मात्र खिळा ठोकला.

जोतीराम मूळचा कडेगावचा. थोरला भाऊ पलटणीत गेला, धाकट्यानं ऊस सांभाळला, आणि याला पाल्यानं अंग कापून घेण्यापेक्षा बाटल्या धुणं बरं वाटलं. औषध कालवायला आणि बाटलीवर डोस मोजायच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायला त्याला डॉक्टरांनीच शिकवलं. पण त्याचं खरं मानाचं काम वेगळंच होतं. डॉक्टर रोग्याचं मनगट धरून डोळे मिटायचे, आणि जोतीराम घड्याळ हातात घेऊन शेजारी उभा राहायचा. ते एक मिनिट भरेपर्यंत दवाखान्यात कुणी ब्र काढायचा नाही. एकदा एक अडत्या मध्येच हळदीचा भाव बोलला, तर डॉक्टरांनी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून नाडी मोजली. अडत्या पुढं वर्षभर दवाखान्यात कुजबुजतच बोलायचा.

एकेचाळीस साली डॉक्टर लष्कराच्या नोकरीत पूर्व आफ्रिकेला गेले. जाताना त्यांनी ते घड्याळ जोतीरामच्या हातावर ठेवलं. लढाई संपली की येतो, तोवर दार उघडं ठेव, खोकला-ताप तू बघ, अवघड दिसलं की मिरजेच्या इस्पितळात धाड, एवढं सांगून ते गेले.

लढाई संपली. डॉक्टर आले नाहीत, त्यांची पत्रं आली. पहिल्या पत्रात केनियात दवाखाना काढल्याची बातमी होती, दुसऱ्यात तिथल्या हिंदी लोकांच्या सभांची, आणि तिसऱ्यात आपण तिकडच्या कायदेमंडळात निवडून आल्याची. जोतीरामनं तिसरं पत्र पेठभर वाचून दाखवलं. अडत्यांनी पेढे वाटले. घरी आल्यावर मात्र तो भाकरीला शिवला नाही. निवडून आलेला माणूस पुन्हा बाटल्या-गोळ्यांत कशाला येईल, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता.

आणि इकडं त्याचा जीव टांगणीला लागलेला. औषधं जुन्या वहीतली, रोगी रोज नवे. एकाला त्यानं पोटदुखीचं औषध दिलं आणि आत निघालं आतडं सुजलेलं. मिरजेला पोचला म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून औषध ओतण्याआधी जोतीराम वही दोनदा वाचायचा. मिरजेचा एक तरुण डॉक्टर, लालासाहेब, दवाखाना चालवायला मागत तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा जोतीरामनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. खुर्चीचा धनी यायचाय, म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला खुर्चीची नव्हे, त्या मिनिटभराच्या शांततेची आस होती.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत पत्र आलं की डॉक्टर पंधरा दिवसांसाठी येतायत. जोतीरामनं खुर्ची दोनदा धुतली. राहताय का जाताय, एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यानं ठरवलं.

डॉक्टर आले ते हारांच्या ओझ्यानं वाकलेले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ते बोलायला लागले आणि जोतीरामही प्रश्न विसरून ऐकत राहिला. तिकडच्या काळ्या माणसाला ओळखीचा कागद डबीत घालून गळ्यात अडकवावा लागतो, नसला तर तुरुंग. चांगली जमीन तेवढी गोऱ्यांची. याविरुद्ध आपण कायदेमंडळात भांडतो, असं डॉक्टर म्हणाले. हा माणूस आपला आहे, याचा जोतीरामला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला.

एवढ्यात गर्दीतून पेठेतलीच शालूबाई पुढं आली. चार दिवस तिची छाती धडधडत होती. जोतीराम मिरजेला जा म्हणत होता, पण आपला डॉक्टर येतोय म्हणून म्हातारी हटून बसलेली. डॉक्टर खुर्चीत बसले, तिचं मनगट धरलं, डोळे मिटले. जोतीरामनं घड्याळ काढलं. सहा वर्षांनी दवाखाना गप्प झाला.

दहा सेकंद झाले असतील. मागून कुणीतरी विचारलं, की आता इथं स्वराज्य आल्यावर तिकडच्या आपल्या लोकांचं काय? डॉक्टरांनी डोळे उघडले आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. बोटं मनगटावरच होती. काटा एक फेरी फिरला, दुसरी फिरला, तिसरी फिरला. मग डॉक्टर शालूबाईकडं बघून हसले आणि म्हणाले, नाडी उत्तम आहे, काळजी करू नका.

जोतीराम मात्र तोवर नुसता उभा राहिला नव्हता. त्यानं म्हातारीचा दुसरा हात धरला होता.

"डाक्टर, एकशेतीस हाय," तो हळूच म्हणाला. "आन् मधीच थांबतीया."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजली आणि स्वतः टांगा बोलावून शालूबाईला मिरजेला पाठवलं. तिला टांग्यात बसवून परत आले ते खुर्चीत न बसता पायरीवर बसले. मी राहायला हवं होतं का रे, असं त्यांनीच विचारलं. जोतीरामनं घोकलेला प्रश्न असा उलटाच समोर आला. हो म्हटलं असतं तर कदाचित ते राहिलेही असते.

"तुमी जावा, डाक्टर," तो म्हणाला. "तिकडं बोलणारा मानूस पायजे. हितं गप बसणारा पायजे."

डॉक्टर गेले. निघायच्या वेळी जोतीरामनं घड्याळ पुढं केलं होतं, पण ते त्यांनी घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात जोतीरामच्या बोलावण्यावरून लालासाहेब त्या खुर्चीत बसला. पहिल्या रोग्याचं मनगट धरून तो त्याला कुठल्या गावचा, ऊस किती, असं विचारत होता. जोतीराम घड्याळ घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"साहेब, गप बसा," तो म्हणाला. "मिनिट व्हायचं हाय."